आधी गाणं ऐका, गोष्ट नंतर

शनिवार-रविवारी जेवणं आटोपली की ‘इंडियन आयडॉल’ लावणाऱ्या घरांशी मला बोलायचं आहे. कार्यक्रम शिळा झाला, असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात आणि तरीही बघतात. तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण शिळं नेमकं काय झालंय, हे ओळखलं नाही तर पुढच्या पर्वात फक्त परीक्षक बदलतील, मंचावरचे दिवे वाढतील आणि आपण पुन्हा तेच बघत बसू.

ब्रिटनमधल्या ‘पॉप आयडॉल’वरून घेतलेला हा कार्यक्रम २००४ साली सोनीवर सुरू झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला, तेव्हा मराठी घरांत आपलाच मुलगा बोर्डात आल्यासारखा आनंद झाला होता. त्याच्याही आधी, १९९५पासून, झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ होतं. नौशाद, खय्याम, पंडित जसराज अशी माणसं तिथे गाणं पारखायला बसत. त्याच मंचावर गायलेली श्रेया घोषाल पुढे ‘देवदास’पर्यंत पोचली.

जुनीच गाणी गातात म्हणून कार्यक्रम शिळा झाला, असं मात्र मला वाटत नाही. एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या गाणारे आपण लोक. गाणं जुनं असण्याचं आपल्याला वावडं असायचं कारण नाही. शिळं झालंय ते कौतुक. प्रत्येक गाणं अप्रतिम, प्रत्येक गायक देवाची देणगी, प्रत्येक वेळी परीक्षक उभे. सगळंच अप्रतिम असेल तर ऐकणाऱ्याने कान कशासाठी टवकारायचे?

हे कौतुक आपोआप झालेलं नाही. ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वात, मे २०२१मध्ये, किशोरकुमार यांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला. पाहुणे म्हणून गेलेल्या अमितकुमार यांनी नंतर उघडपणे सांगितलं की सगळ्यांची स्तुती करा, असं आपल्याला आधीच सांगण्यात आलं होतं. पूर्वी परीक्षक राहिलेल्या सुनिधी चौहान यांनीही स्तुती करायला सांगितलं जायचं, असं त्याच सुमारास म्हटलं. आणि खुद्द अभिजीत सावंत त्याच वर्षी बोलला की हल्ली निर्मात्यांना गळ्यापेक्षा स्पर्धकाच्या गरिबीत जास्त रस असतो. प्रादेशिक भाषांतल्या कार्यक्रमांत गाण्यावर लक्ष असतं, असंही तो म्हणाला. ज्याला या कार्यक्रमाने नाव दिलं त्याने हे बोलावं, यात मला त्याची गाण्याबद्दलची कळकळ दिसते.

आता एक गाणं जवळून बघू. ‘लग जा गले’ या स्पर्धांमध्ये कितीदा गायलं गेलं असेल! मदनमोहन यांनी १९६४च्या ‘वो कौन थी’साठी ते बांधलं, तेव्हा लताबाईंनी ते जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्या हलक्या आवाजात गायलं. कुठे जोर नाही, कुठे गळ्याची कसरत नाही. गाण्याची सगळी ताकद त्या आवरून धरलेल्या आवाजात आहे. मंचावर काय होतं? मुखडा सुरेख उचलला जातो. मग वाद्यमेळ फुगतो, दुसरा अंतरा बहुतेक वेळा गळतो आणि त्याच्या जागी शेवटी एक लांबच लांब आलाप येतो. आवाज तार सप्तकात नेऊन तिथेच धरून ठेवायचा, की टाळ्या. तो सूर गाणाऱ्या मुलीला लागतो, यात शंका नाही. कष्टाशिवाय तो लागत नाही. पण त्या गाण्याला तो नको होता, हे तिला सांगणारं कोणी नाही. तिच्या कलेशी हा अन्याय आहे, आणि तो प्रेमाच्या नावाखाली होतो.

वेगळं काही शक्य असतं, हे आपण मराठी प्रेक्षकांनी बघितलेलं आहे. झी मराठीवर २००८-०९मध्ये लिटिल चॅम्प्सचं पर्व चाललं, तेव्हा घराघरात ‘ध’ मिळाला की ‘नी’ यावर चर्चा व्हायची. परीक्षक गुणांऐवजी सूर द्यायचे आणि एखाद्याला ‘वरचा सा’ मिळाला की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना त्याची किंमत कळायची. कारण तो रोज मिळत नव्हता. मुलं लहान होती, तरी कुठे कमी पडलं ते त्यांना मायेने सांगितलं जायचं. कमलेश भडकमकर, अमर ओक, निलेश परब ही वाजवणाऱ्यांची नावं आपल्याला तिथेच पाठ झाली. त्या पर्वातली कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित ही पाचही जणं आजही गातात.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या वेळी एक गाणं पडद्याकडे पाठ करून ऐका. स्पर्धकाच्या घरची फीत आणि आईचा फोन, दोन्ही नंतर. आधी नुसता आवाज. मग घरातल्या प्रत्येकाने ‘ध’ की ‘नी’ ते सांगावं, आणि का तेही. चूक निघाली तर बिनधास्त बोला. मुलांनाही बोलू द्या. मूळ गाणं लावून पुन्हा ऐका. ऐकायची सवय अशीच लागते, त्यासाठी संगीत विशारद व्हावं लागत नाही.

मत देताना गाव, भाषा, हलाखी बाजूला ठेवा. हे अवघड आहे, मला कल्पना आहे. २००७च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल शेवटपर्यंत पोचले, तेव्हा एरवी टीव्हीवर न दिसणाऱ्या डोंगराळ भागांतली माणसं आपल्या पोरासाठी उभी राहिली. त्यांची भावना मला समजते. पण अशा मतदानात गाणं मागे पडतं. बाराव्या पर्वात अंजली गायकवाड, रागदारीची तालीम घेतलेली आपली मुलगी, अंतिम फेरीच्या आधीच बाहेर गेली, तेव्हा हळहळलो आपण सगळेच. पण तिचं गाणं स्पर्धेनंतर किती जणांनी शोधून ऐकलं? स्पर्धा संपली की गायक संपत नाही. खरं तर तिथून त्याला श्रोते लागतात.

आणि घरात गाणारं मूल असेल त्या आई-बाबांनो, ऑडिशनची तारीख ठरवून गाणी बसवून घेऊ नका. त्याच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारा. ते ‘अजून थांबा’ म्हणाले तर थांबा. दिवाळी पहाट जवळ आली की त्याला सोबत न्या, तिकीट काढून. माइक बिघडला, तबला पुन्हा लावावा लागला, गायिकेला मध्येच ठसका लागला, तर तेही त्याला बघू द्या. आणि मध्यंतरात चिठ्ठी पाठवता आली तर त्याच्याच हातून एक फर्माईश लिहून घ्या: गाणं कुठलंही चालेल, पण दुसऱ्या अंतऱ्यासकट.