गळा त्याचा, माईक यांचा

मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की मला दोन त्रास एकदम सुरू होतात. एक सर्दी, दुसरा सूत्रसंचालक. हे वैर जुनं आहे. मागे त्यांच्या शेरोशायरीवर लिहिलं तर एका महोदयांनी फोन करून मला शेरांमधूनच झापलं होतं.

परवा लाखनीकडच्या एका मंडईत मात्र कहर झाला. रात्री खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, त्याआधी एका अंध गायकाची भजनं आणि लोकगीतं. पेटी लागली, ढोलकी कसून झाली, गायकाने खाकरून घसा साफ केला आणि माईक गेला सूत्रसंचालकाच्या हातात. देवाने याचे डोळे नेले पण कंठात कोकिळा बसवली, इथून जे सुरू झालं ते याची आई, याचं बालपण, याचा अंधार असं सगळं करत चाललं. बाया पदराने डोळे पुसू लागल्या. मग पाहुणे, मग शाल, मग नारळ. नारळ हातात द्यावा की नाही हे न सुचून कुणीतरी तो गायकाच्या मांडीवर ठेवला. त्याने तो चाचपून पेटीमागे सरकवला आणि बोटं पुन्हा पट्टीवर ठेवून बसला. एवढं होईस्तोवर गंमतवाल्यांचा नाच्या साडी नेसून विंगेत उभा! गायकाच्या वाट्याला दोन गाणी आली.

आणि काय गायला तो माणूस! दुसऱ्या गाण्यात सम येणार म्हणून ढोलकीवाला हात उचलून तयार, आणि हा एक आवर्तन बाहेरच हिंडून आला. ढोलकीवाला हसला, पुढे बसलेले म्हातारे मांडीवर थाप मारून दाद देते झाले. त्याबद्दल सूत्रसंचालक अवाक्षर बोलला नाही.

अशा कलावंतांकडे वेगळ्या नजरेनेही पाहता येतं. वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमट्यांनी 2002 साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. अंध, अपंग, मूकबधिर, कुष्ठमुक्त अशा कलावंतांचा. त्याच्या कार्यक्रमांतून आनंदवनाच्या कामाला पैसा मिळत आला. म्हणजे मंचावरची ही माणसं मिळवती आहेत. आमच्याकडे मात्र गायकाला शाल मिळते आणि बिदागीचं विचारलं की अध्यक्ष मोबाइल कानाला लावून मंडपाबाहेर जातात.

त्या रात्री मंडईतून घरी आल्यावर झोप येईना, तेव्हा मेल टिलिस आठवला. अमेरिकेतल्या ‘कंट्री’ गाण्यांचा, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचा, हा मोठा गायक. 1932 साली फ्लोरिडात जन्मला, तिसऱ्या वर्षी मलेरिया झाला आणि तेव्हापासून तोतरेपण मागे लागलं ते जन्मभर. गाताना मात्र साफ. नॅशव्हिलला जाऊन त्याने गाणी लिहिली, ती इतरांनी गाऊन गाजवली. केनी रॉजर्सने 1969 मध्ये गाजवलेलं ‘रुबी’ याचंच. युद्धातून लुळा होऊन परतलेला शिपाई आणि संध्याकाळी नटूनथटून बाहेर निघालेली त्याची बायको, एवढाच ऐवज. शिपायाची कीव करा असं टिलिस कुठेच सांगत नाही. उलट शिपायाच्या मनात बंदुकीचा विचार येतो, तेव्हा ऐकणारा दचकतो.

सुरुवातीला हा मंचावर बोलायचाच नाही. मिनी पर्ल नावाची विनोदी नटी होती, तिच्या ताफ्यात तो वाजवायचा. तिने मागे लागून त्याला बोलायला लावलं. लोक हसले, आणि हसवतोय आपणच हे याच्या ध्यानात आलं. पुढे अडखळणं हाच त्याच्या किश्श्यांचा मसाला झाला. आत्मचरित्राचं नावही त्याने ‘तोतरा पोरगा’ अशाच अर्थाचं ठेवलं. 1976 साली तिकडच्या कंट्री संगीत संघटनेने त्याला वर्षाचा सर्वोत्तम रंजनकार ठरवलं. आपल्या व्यंगाचं काय करायचं, ते सांगायचं की लपवायचं, की त्यावर टाळी घ्यायची, हे त्याचं त्याने ठरवलं. माईक त्याच्याच हातात होता ना!

गाताना तोतरेपण पळतं, हे मला टिलिसच्या आधी माझ्या मावसभावाने दाखवलं. मोहाडीकडे त्याची धानाची शेती आहे. बोलताना ‘प’ आला की गाडी अडली. पण संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतर खंजिरी घेतली की तुकडोजी महाराजांची भजनं धडाधड म्हणतो. जाणकार सांगतात की गाण्यात शब्द आधीच पाठ असतात, ठेका पुढे ढकलतो आणि आवाज तुटत नाही, म्हणून बहुतेकांचं अडखळणं थांबतं. भावाने हे कुठे वाचलेलं नाही, पण उपयोग मात्र पुरेपूर केला. पोत्यांचं विचारायचं असलं की धान खरेदी केंद्रावर सरळ भजनाच्या चालीत विचारतो. तिथला काटेवालाही आता त्याच चालीत आकडा सांगतो, आणि रांगेतले लोक टाळ्यांचा ठेका धरतात.

यंदा धानाच्या सरकारी बोनसचं विचारायला मीही सोबत होतो. म्हटलं, भाऊ, होऊन जाऊ दे एखादी चाल. तर मान हलवून, चांगला वेळ घेऊन, एकेक अक्षर ओढत तो म्हणाला, ‘‘बोनस का गाऊन मांगाचा रायते का? मंग थे बी टाळ्याच देतीन.’’