आपल्याला त्यातले काय कळते?
(द्वितीय वर्ष, कला)

नाताळच्या सुट्टीत मुंबईला जाऊन काय पाहावे, असा विषय वर्गात निघाला की उत्तरे ठरलेली असतात. गेटवे, राणीची बाग, चौपाटी, हल्ली एखादा मॉल. चित्रप्रदर्शन पाहू या, असे कोणी सुचवले तर मंडळी हसतात आणि म्हणतात, "आपल्याला त्यातले काय कळते?"

माझे भांडण या वाक्याशी आहे. ते ऐकायला नम्र वाटते, पण त्याने आपले फार नुकसान केले आहे. ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच माणूस आपण, त्यांना हे वाक्य कोणी शिकवावे लागत नाही. ते अंगात मुरलेलेच असते.

पावसाळा सरला की मुंबईत प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत तो ऐन भरात असतो. आपल्या पालघरच्या बाजूने सकाळची लोकल धरावी, चर्चगेटला उतरावे, ओव्हल मैदान ओलांडावे. ज्या विद्यापीठाच्या पदवीसाठी आपण रात्री जागतो त्याचा राजाबाई टॉवर मान वर करून एकदा पाहून घ्यावा. तिथून काळा घोडा जवळच. जहांगीर कलादालन तिथे १९५२ पासून उभे आहे. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ते शहराला दिले. आत जायला तिकीट नाही. साधारण दर आठवड्याला प्रदर्शने बदलतात आणि पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो. कोणी काही विचारील का, याची तो बहुधा वाटच पाहत असतो.

गेल्या हिवाळ्यात मी वडिलांना घेऊन तिथे गेलो. ते घरांना रंग देण्याचे काम करतात. पहिला अर्धा तास ते भिंतीला धरून, हात मागे बांधून चालले. मग एका मोठ्या निळ्या चित्रापुढे थांबले, बाजूने वाकून पाहू लागले आणि चित्रकाराला विचारते झाले, "साहेब, किती हात मारलेत? आणि खाली अस्तर कसले दिलेय?" चित्रकार खुर्चीवरून उठला. "काका, बसा," म्हणाला. पुढची वीस मिनिटे मी बाजूला उभा होतो. रंग किती पातळ करावा, खालचा थर पुरता वाळण्याआधी वरचा दिला तर काय होते, यावर दोन जाणकार बोलत होते. मी बी. ए.चा विद्यार्थी, त्या बोलण्यातले निम्मे मला समजले नाही. वडिलांना मात्र सगळे समजत होते.

आणि ही दालने काय फक्त श्रीमंतांच्या मुलांनी भरली? कृष्णाजी आरा यांनी मुंबईत मोटारी धुण्याचे काम करत चित्रे काढली आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते एक संस्थापक झाले. जिव्या सोमा म्हसे तर आपल्याच मुलखातले. वारली घरांत लग्नाचा चौक बायका लिहीत आल्या. तीच रेघ म्हसे यांनी कागदावर आणली, आणि सत्तरच्या दशकात त्यांची चित्रे जहांगीरच्याच इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत लागली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या वर्गात ज्यांच्या घराच्या कुडावर आजही चौक निघतो, असे मित्र आहेत. तेही "आपल्याला काय कळते" म्हणतात, तेव्हा मला रागच येतो.

चित्रे मोबाईलवरही दिसतात, असे कोणी म्हणेल. दिसतात, पण तळहाताएवढी. वासुदेव गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंगाचे थर चढवीत आणि खरवडीत. पडद्यावर त्यांचे चित्र म्हणजे नुसता पिवळा चौकोन. खालच्या थरातून वर येणारा उजेड मूळ चित्रासमोर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. नागपुरात जन्मलेल्या या माणसाच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने भरवले. आपल्या कॉलेजात किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे, हे मी मोजलेले नाही. मोजायचा धीर होत नाही.

एक तक्रार मात्र कलादालनांबद्दलही आहे. चित्राखालची चिठ्ठी बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असते, माहितीपत्रकही इंग्रजीत. मुंबईत भरलेल्या प्रदर्शनात दोन ओळी मराठीत लिहायला काय हरकत आहे? (निम्म्या चित्रांचे नाव 'अनटायटल्ड' असते, म्हणजे भाषांतराचा त्रासही मोठा नाही.)

आणि प्राध्यापक मंडळींना एक विनंती. दरवर्षी सहल निघते, तिचा एक दिवस काळा घोड्याला द्यावा. नंतर निबंध मात्र लिहून घेऊ नये.

जाणाऱ्यांनी एका दिवसात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. आधी जहांगीर, मग बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसलेले कलावंत. त्यांच्याशी बोलायला तर दारही ओलांडावे लागत नाही. दुपारी समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ सालच्या कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून आहे. तिथे तिकीट आहे, आणि सोमवारी ते बंद असते. तेवढा वार टाळावा.