गोळीचा अवधी आणि ऊसतोडीचा हंगाम

पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे बाहेर पडतात, ती हंगाम संपल्यावरच परततात. या स्थलांतराची चर्चा मजुरी, उचल व मुकादम यांच्यापुरतीच राहते. मजुराच्या मनाचा प्रश्न मात्र अर्थकारणाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. वस्तुतः तो तसा नाही. खिन्नतेच्या विकारावरील औषध शरीरात कसे कार्य करते हे पाहिले, म्हणजे त्याचा हंगामाशी असलेला संबंध ध्यानात येतो.

या औषधांच्या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जुळलेला आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य घेणारे काही रुग्ण विषण्ण होत असल्याचे आढळले. रिसर्पिन मज्जापेशींतील सेरोटोनिनसारख्या निरोप्या द्रव्यांचा साठा रिता करते. उलट, १९५२ च्या सुमारास क्षयरोग्यांना दिलेल्या इप्रोनियाझिडने रुग्ण उल्हसित झाले. ते याच द्रव्यांचा नाश रोखते. यातून तुटवड्याची उपपत्ती उभी राहिली.

अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटीन याच वाटेने आले. मज्जापेशीने सोडलेले सेरोटोनिन ती पुन्हा शोषून घेते; हे शोषण फ्लुओक्सेटीन अडवते. ही क्रिया काही तासांतच सुरू होते, पण मन हलके व्हावयास बहुधा दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. प्रारंभी पेशी वाढलेले प्रमाण ओळखून आपला स्राव आवरते. हे नियंत्रण सैल व्हावयास वेळ लागतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. केवळ तुटवड्यानेच हा विकार होतो, याला सुसंगत पुरावा नसल्याचे २०२२ मधील एका व्यापक आढाव्यात दिसून आले. तथापि कारण अनिश्चित आहे म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही. अनेक रुग्णांना, विशेषतः विकार तीव्र असताना, त्याचा लाभ होतो.

अडचण निराळीच आहे. मळमळ, निद्रानाश हे त्रास पहिल्या दिवसांतच होतात, गुण मागाहून येतो. तोटा रोखीचा, लाभ उधारीचा! आठवड्याभरात गोळी सोडून देणारा रुग्ण म्हणूनच अडाणी ठरत नाही. त्याला हा हिशेब कोणी समजावलेला नसतो. शिवाय बरे वाटल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावे लागते व वैद्यकीय सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. नेमक्या याच काळात मजूर परमुलखात उसाच्या फडावर असतो.

फ्लुओक्सेटीन २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराचा हक्क दिला आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही २०२२ पासून उपलब्ध आहे. उणीव आहे ती सातत्याची. निघण्यापूर्वी तपासणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरेशा गोळ्या आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात चालेल अशी नोंदवही, एवढी व्यवस्था अशक्य कोटीतील नाही.

गोळीने उचल फिटत नाही, हे खरेच. पण ती फेडण्यासाठी उठून उभे राहण्याचे बळ ज्याच्यापाशी उरलेले नाही, त्याला केवळ मजुरीवाढीचा दिलासा पुरणार नाही, याचेही भान धोरणकर्त्यांनी ठेवावयास हवे.