विस्मरणाचे निदान आणि घरच्यांची साक्ष

स्मरण, भाषा, दिशांचे भान, हिशेब, निर्णय अशा बौद्धिक शक्तींपैकी एकाहून अधिक शक्ती हळूहळू क्षीण होत जाऊन रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर करणे अशक्य होऊ लागते, त्या अवस्थेला वैद्यकशास्त्र स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणते, आणि अल्झायमर हा तिला कारणीभूत होणाऱ्या अनेक रोगांपैकी सर्वाधिक आढळणारा रोग होय. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख व्यक्तींना ही अवस्था आहे. त्यांपैकी बहुतेकांचे निदान कधीच होत नाही, आणि ज्यांचे होते त्यांच्या घरच्यांना त्यासाठी पुष्कळदा काही वर्षे दारोदार फिरावे लागते. या फिरण्याचा विचार प्रस्तुत दिवाळी अंकाच्या आरंभी करावासा वाटतो, कारण दूर राहणारी मुले आणि त्यांचे आईवडील याच सणात एकत्र येतात, आणि चकलीच्या भाजणीचे प्रमाण किंवा फराळाच्या कामांचा क्रम आईला लागेनासा झाला आहे, हे दूरध्वनीवर न कळलेले सत्य याच दिवसांत पुढे येते.

बंगळुरूच्या कोरमंगला भागात हा प्रश्न एका विशेष रूपात दिसतो. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय याच भागात आहे, मेंदू व मनाच्या विकारांसाठी देशभर ख्यात असलेली निमहान्स ही संस्था होसूर रस्त्यावर थोड्याच अंतरावर आहे, आणि शहरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातले मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरच्या ग्रामस्थांच्या वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. इतके ज्ञान हाताशी असताना विलंब का व्हावा? शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळुरूत मराठी वस्ती आहे आणि जुन्या घराण्यांना कन्नड घरच्यासारखी येते. परंतु संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या मुलांकडे सत्तरीत पुण्याहून वा नागपूरहून आलेल्या आईवडिलांची गोष्ट निराळी आहे. ओळखीची गल्ली, नेहमीचा वाणी, वर्षानुवर्षांचे शेजारी यांच्या आधाराने झाकली गेलेली उणीव स्थलांतरानंतर उघडी पडते, आणि एकसारख्या दिसणाऱ्या ब्लॉकांतून वडिलांना घर सापडेनासे झाले की ‘जागा नवी आहे, रुळतील हळूहळू’ असे म्हणून तिचे समाधानकारक वाटणारे कारणही लगेच दिले जाते.

घरात हा बदल बहुधा दिवसभर सोबत असणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे पुष्कळदा सुनेला, सर्वांत आधी जाणवतो, आणि तिच्याच शब्दाला सर्वांत कमी वजन असते. सासूबाई तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, गॅस सुरू ठेवून निघून जातात, दागिने चोरल्याचा आळ घेतात, असे तिने सांगितले तर ती तक्रार ठरते. मुलगा रात्री घरी येतो तेव्हा आई नीट बोलते, पाहुण्यांपुढे तर अधिकच नीट बोलते, कारण या आजाराच्या आरंभी सवयीचे शिष्टाचार आणि जुन्या आठवणी शाबूत राहतात. मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांना ग्रासणाऱ्या प्रकारात तर स्मरण चांगले राहून वागणूकच आधी पालटते, त्यामुळे कुटुंब वर्षानुवर्षे स्वभावालाच दोष देत बसते. पुढे दवाखान्यातही ‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य ऐकावे लागते, आणि ते वाक्य घातकच आहे, कारण ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडची मंदगती, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम किंवा पडल्यानंतर कवटीच्या आत साकळलेले रक्त यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि ती वेळीच ओळखली तर पुष्कळ अंशी सुधारू शकतात.

तज्ज्ञापर्यंत पोहोचल्यावर भाषेची अडचण उभी राहते. 1975 मध्ये अमेरिकेत तयार झालेली तीस गुणांची संक्षिप्त चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यातील वाचन-लेखनाचे प्रश्न निरक्षरांवर अन्याय करतात हे ओळखून हरियाणातील बल्लभगड येथील अभ्यासासाठी तिचे हिंदी रूपांतर घडवावे लागले होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विकसित केलेला चाचणीसंच आरंभी ज्या पाच भारतीय भाषांत सिद्ध झाला त्यांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. मराठीत काही चाचण्या उपलब्ध आहेत, पण बंगळुरूच्या बाह्यरुग्ण विभागात त्या मराठीतून विचारणारी व्यक्ती असेलच असे नाही. मग मुलगाच दुभाषा होतो, वडिलांना अडखळताना पाहून नकळत उत्तर सुचवतो, तर दुसरीकडे परक्या भाषेत गोंधळलेल्या निरोगी वृद्धाचेही गुण घटतात. भाषेचा इतिहास निदानाला किती उपयोगी असतो हे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हैदराबादच्या अभ्यासातून दिसले आहे: 648 रुग्णांच्या त्या पाहणीत एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली आढळली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हरवलेल्या संस्कृत पंडिताला सांभाळणारी माहुताची बायको कन्नड बोलते. तिच्या मायेला भाषा आड आली नाही, पण चाचणीपत्रिकेचे तसे नसते.

म्हणूनच घरच्यांची साक्ष हा या निदानाचा मुख्य आधार मानला पाहिजे. मेंदूचे चित्रण आणि रक्ततपासण्या कारण शोधायला आवश्यक आहेत, तथापि एके काळी पेन्शनचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला तो कोणत्या महिन्यापासून जमेनासा झाला, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. डॉक्टरांनी ही साक्ष रुग्णासमोर त्याला लाजवून नव्हे, तर सोबतच्या व्यक्तीला स्वतंत्र वेळ देऊन घ्यावी, आणि कुटुंबाने आठवणीवर विसंबण्याऐवजी प्रसंग तारखेसह लिहून न्यावेत.

निदान झाले की ‘त्यांना सांगू नका’ अशी विनंती बहुतेक कुटुंबे करतात. तिच्यामागे प्रेम असते, तरी ती मान्य करता येत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची व्याख्या स्मरणाच्या गंभीर बिघाडालाही सामावून घेते, आणि पुढे निर्णयक्षमता उरली नाही तर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार तो प्रत्येक प्रौढाला देतो. हा अधिकार समजून वापरता येईल इतकी शुद्ध आजाराच्या आरंभीच शिल्लक असते, आणि निदानाला होणारा विलंब नेमका तोच काळ खाऊन टाकतो.