स्थानिक स्वराज्य संस्था आणि समाजमाध्यमे : तक्रार पोहोचते, निर्णय कोणाचा?

रस्त्यावरील खड्डा, तुंबलेले गटार किंवा न उचललेला कचरा यांचे छायाचित्र मोबाईलवरून थेट महापालिकेकडे पाठविणे, हे देशातील मोठ्या शहरांत आता नित्याचे झाले आहे. मालमत्ता कर महाजालावरून भरता येतो, अनेक ठिकाणी जन्माचा दाखलाही कार्यालयाची पायरी न चढता मिळतो. नागरिक आणि प्रशासन यांच्यातील अंतर तंत्रज्ञानाने कमी केले, हे निर्विवाद आहे. मात्र ज्या काळात या सोयी वाढल्या, त्याच काळात काही प्रमुख महानगरांत लोकनियुक्त सभागृहेच अस्तित्वात नव्हती, याचीही नोंद घेणे भाग आहे. तक्रार नोंदविण्याची सोय आणि कारभारातील सहभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या अनुभवातून अधोरेखित होते.

राज्यघटनेतील तरतुदी याबाबत सुस्पष्ट आहेत. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी, तर ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. पहिलीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. दुसरीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. पंचायती आणि नगरपालिका यांची मुदत पाच वर्षांची असून, ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असेही घटनेने सांगितले आहे. नागरिकाने केवळ गाऱ्हाणे मांडावे असे नव्हे, तर आपल्या परिसराच्या नियोजनात त्याचा वाटा असावा, हा या दुरुस्त्यांमागील हेतू होता.

संगणकाचा प्रवेश यानंतर झाला. केरळमध्ये १९९९ साली ‘इन्फर्मेशन केरळ मिशन’ची स्थापना होऊन स्थानिक संस्थांच्या संगणकीकरणाला चालना मिळाली. महाराष्ट्रात कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या प्रारंभी नागरी सुविधा केंद्र सुरू करून ई-प्रशासनाचा पाया घातला आणि राज्यातील इतर पालिकांनी तो नमुना स्वीकारला. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये संमत झाला, तर राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला २००६ मध्ये मंजुरी मिळाली.

समाजमाध्यमांची उपयुक्तता प्रथम ठळकपणे दिसली ती दिल्लीत. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या आधी, २०१० मध्ये, तेथील वाहतूक पोलिसांनी फेसबुकवर पान सुरू केले आणि नियम मोडणाऱ्या वाहनांची हजारो छायाचित्रे नागरिकांनी त्यावर धाडली. शासकीय संस्थांनी ही माध्यमे कशी वापरावीत, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१२ मध्ये जाहीर केली. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये आपल्या प्रशासकीय विभागांसाठी ट्विटरवर स्वतंत्र खाती उघडली आणि जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ८० हून अधिक सेवांची माहिती देणारी व्यवस्था सुरू केली.

या व्यवस्थेच्या प्रारंभानंतर दोनच महिन्यांनी, ७ मार्च २०२२ रोजी, मुंबईतील २२७ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांविषयीच्या न्यायालयीन वादांमुळे निवडणूक लांबत गेली. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधल्या सुमारे चार वर्षांत प्रशासक कारभार पाहत होते. हे एकट्या मुंबईतच घडले असे नाही. चेन्नईत ऑक्टोबर २०१६ पासून फेब्रुवारी २०२२ मधील निवडणुकीपर्यंत निर्वाचित सभागृह नव्हते. बेंगळुरूच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिकांची रचना अमलात येईपर्यंत निवडणूक झाली नाही.

या तिन्ही शहरांची गणना देशातील तंत्रज्ञानाच्या दृष्टीने प्रगत शहरांत होते. तेथील नागरिक या काळातही तक्रारी नोंदवीत होते आणि त्यांतील कित्येक सुटतही होत्या. परंतु खड्डा बुजवावा ही मागणी एक, आणि यंदा कोणत्या वस्तीतील रस्त्यासाठी तरतूद करावी हा निर्णय दुसरा. पहिल्यासाठी दूरध्वनी क्रमांकही पुरेसा ठरतो. दुसऱ्यासाठी अंदाजपत्रकावर उघड चर्चा करणारे, प्रशासनाला प्रश्न विचारणारे आणि पाच वर्षांनी मतदारांसमोर उभे राहणारे प्रतिनिधी लागतात. समाजमाध्यमांवर प्रत्येक तक्रार सुटी असते. तिच्यामागील धोरणाचा प्रश्न सभागृहातच उपस्थित होऊ शकतो.

मोजमापाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘स्वच्छता’ अ‍ॅप उपलब्ध करून दिले आणि स्वच्छ सर्वेक्षणात या अ‍ॅपच्या वापरालाही गुण ठेवण्यात आले. त्यामुळे पालिका तक्रारींकडे गांभीर्याने पाहू लागल्या, हा त्याचा लाभ. परंतु गुण वापराच्या संख्येवर अवलंबून असतील, तर संख्या वाढविण्याकडे कल होतो. तक्रार ‘निकाली’ असा शेरा पडला म्हणजे कचरा उचलला गेलाच, असे मानता येत नाही. त्याची खातरजमा तक्रारदाराकडूनच व्हावयास हवी.

शिवाय, या माध्यमांतून ऐकू येणारा आवाज सर्वांचा नसतो. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, इंटरनेटचा कधी ना कधी वापर केलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के, तर महिलांचे ३३.३ टक्के होते. ग्रामीण महिलांमध्ये ते २४.६ टक्के इतकेच होते. हे प्रमाण त्यानंतर वाढले असले, तरी नळाला पाणी आले नाही तर ज्यांना हंडा घेऊन बाहेर पडावे लागते, त्यांच्याच हाती तक्रारीचे साधन सर्वांत उशिरा पोहोचले, हे वास्तव त्यातून समोर येते. ज्या वस्तीतून तक्रारी कमी, तेथे समस्या कमी, असा निष्कर्ष प्रशासनाने काढल्यास विषमतेत भरच पडेल.

साधने आणि संस्था यांची सांगड कशी घालता येते, याचे उदाहरण केरळमध्ये आढळते. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात स्वयंसेवी तंत्रज्ञांनी राज्य सरकारच्या सहकार्याने उभारलेल्या संकेतस्थळावर मदतीच्या मागण्या नोंदल्या गेल्या आणि बचाव यंत्रणेला त्यांचा उपयोग झाला. पूर ओसरल्यानंतर घरांच्या स्वच्छतेचे प्रचंड काम मात्र पंचायती आणि ‘कुडुंबश्री’च्या महिलांनी गावोगावी पार पाडले. १९९६ मधील लोकयोजना मोहिमेपासून निधी आणि अधिकार यांचे विकेंद्रीकरण झाले असल्याने तेथे तंत्रज्ञानाला आधार देणारी संस्था आधीच उभी होती. जानेवारी २०२४ मध्ये तेथील शहरी संस्थांत सुरू झालेली आणि पुढे ग्रामपंचायतींपर्यंत नेण्यात आलेली ‘के-स्मार्ट’ प्रणाली याच पायावर उभी आहे.

ग्रामपंचायतींसाठी केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणाली सुरू केली. गावाचा विकास आराखडा आणि खर्चाचा तपशील तेथे कोणालाही पाहता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पंचायती राज मंत्रालयाने ‘सभासार’ हे साधन आणले. ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने इतिवृत्त तयार करणाऱ्या या साधनात मराठीचाही समावेश आहे. सभेला वगळण्याऐवजी सभेचीच नोंद ठेवणारे तंत्रज्ञान, या दृष्टीने हा प्रयोग लक्षणीय होय. अर्थात, इतिवृत्त चांगले होण्यासाठी ग्रामसभा खरोखर भरली पाहिजे आणि तीत महिला व दुर्बल घटकांना बोलता आले पाहिजे.

पुढील वाटचालीची दिशा यातून दिसते. आलेल्या तक्रारींचा प्रभागवार गोषवारा प्रभाग समितीसमोर ठेवला जावा आणि त्यावर झालेला निर्णय व खर्च संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावा. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम अशी माहिती आपणहून जाहीर करण्यास सांगते; तसे करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असेही त्यात नमूद आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. गरज आहे ती निवडणुका वेळेवर घेण्याची आणि निवडून आलेल्या सभागृहांना निधी व अधिकार देण्याची. तसे झाले, तर मोबाईलवरून पाठविलेले छायाचित्र सभागृहातील प्रश्नापर्यंत पोहोचेल. अन्यथा ते एका तक्रार क्रमांकापाशीच थांबेल.