बाई उभी राहिली की पहिला प्रश्न, "कुणाची?"

"आम्ही जात बघत नाही, बाई-माणूस बघत नाही. आम्ही काम बघतो."

आमच्या किल्लारीत हे वाक्य न म्हणणारा मतदार मला अजून भेटायचा आहे. नातेवाइकांत तर नाहीच. (काका, हे तुम्हालाही आहे.) हे वाक्य खरं नाही असं माझं मत आहे. का, ते सांगतो. पटलं नाही तर भांडायला या.

काम बघून निवड कधी करता येते? एकाचं काम दुसऱ्यापेक्षा उघड जास्त असेल तेव्हा. पण आमच्याकडं बऱ्याचदा दोघं सारखेच असतात. दोघंही पाणी, पीकविमा आणि सोयाबीनच्या भावावर बोलतात, दोघांनीही पक्ष बदललेला असतो. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली की मग हळूच दोन वजनं बाहेर निघतात. एक, "आपला आहे का?" आणि दुसरं, "बाई आहे का?" पहिलं वजन उमेदवाराच्या बाजूनं पडतं, दुसरं विरुद्ध पारड्यात.

जातीचं आधी बघू. लातूर लोकसभा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे तिथं तरी हा हिशेब संपायला हवा होता. २०२४ ला काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. माणूस डोळ्यांचा डॉक्टर. पण पारावरची चर्चा कशाची? ते माला जंगम, म्हणजे लिंगायत मतं किती वळली याची. सगळे उमेदवार एकाच प्रवर्गातले असले तरी आपण आणखी एक पायरी खाली उतरून जात शोधतोच.

आता बाईचं. २००४ ला याच लातुरात रूपाताई पाटील निलंगेकरांनी शिवराज पाटील चाकूरकरांना हरवलं. सलग सात वेळा निवडून आलेला माणूस! "बघा, आमच्याकडं बाई निवडून येते" म्हणून हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण रूपाताई कोण? माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांच्या सूनबाई. २०२४ ला लातूर शहरात अमित देशमुखांना घाम फोडणाऱ्या अर्चना पाटील कोण? चाकूरकरांच्या सूनबाई. त्याच वर्षी धाराशिव लोकसभेला (आमची किल्लारी जिल्ह्यानं लातूरची, पण खासदार निवडते धाराशिवचा) ओमराजे निंबाळकरांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या अर्चना पाटील? पद्मसिंह पाटलांच्या सूनबाई. पेपरवाल्यांनी ती लढत "दीर विरुद्ध भावजय" अशीच रंगवली. जणू लोकसभा नव्हे, वाटणीचा खटला.

त्या सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी हरल्या. बाई म्हणून हरल्या असं मी म्हणणार नाही. तेव्हा मराठवाड्यात वारंच वेगळं होतं, आणि त्यांचे यजमानही २०१९ ला ओमराजेंकडून हरलेच होते. माझा मुद्दा हरण्या-जिंकण्याचा नाहीच. यादीत नाव येईपर्यंत काय घडतं, याचा आहे.

लगेच कुणी म्हणेल, पुरुषही घराण्यातलेच असतात की. असतात. पण घराणं नसलेल्या पुरुषाला निदान फट सापडते. आमच्या औशाचे आमदार अभिमन्यू पवार मुख्यमंत्र्यांचे स्वीय सहायक होते, तिथून उभे राहिले आणि २०१९, २०२४ दोन्हीदा निवडून आले. सासरा-नवरा पुढारी नसलेली बाई अशी फट शोधते तेव्हा तिला विचारतात, "घरच्यांची परवानगी आहे का?" पुरुष उमेदवाराला हा प्रश्न कुणी विचारल्याचं तुम्ही ऐकलंय?

"बायकांना अनुभव नसतो" हे दुसरं पालुपद. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरदुरुस्तीच्या कामात संवाद सहायक म्हणून बायकाच उभ्या होत्या. सरकार आणि घरमालक यांच्यामधला दुवा त्याच होत्या. अनुदानाची माहिती सांगणं, इंजिनिअरशी बोलणं, घर कसं बळकट करायचं ते समजावणं... मग याहून वेगळं सरपंच काय करतो हो?

आणि आता आपली सगळ्यात मोठी लबाडी. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. पाच वर्षांनी सोडत निघते, जागा "सर्वसाधारण" होते, आणि गाव ठरवून टाकतं की बाईंचं काम संपलं. कायद्यात सर्वसाधारण म्हणजे कुणीही. आपण वाचतो "पुरुषांसाठी राखीव". दलित उमेदवार सर्वसाधारण जागेवर उभा राहिला की "तुमच्या जागा वेगळ्या आहेत की" म्हणतात, ते याच जातकुळीतलं.

हे बदलतच नाही असंही नाही. रिखिल भावनानी नावाच्या अभ्यासकानं मुंबई महापालिकेचे वॉर्ड तपासले. १९९७ ला जे बायकांसाठी राखीव होते, ते २००२ ला खुले झाल्यावर तिथं बाई निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. पश्चिम बंगालच्या खेड्यांत तर संशोधकांनी एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथं बाई प्रधान कधी झालीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. भाषण तेच, शब्द तेच! जिथं बाईचा कारभार पाहिलेला होता, तिथं हा फरक विरला. म्हणजे खोट भाषणात नव्हती, ऐकणाऱ्याच्या कानात होती. आणि ती सवयीनं जाते.

अमेरिकेला हसायचं कारण नाही, तशी स्वतःला कमी लेखायचंही नाही. २००८ ला हिलरी आणि ओबामा यांच्या धोरणांत फारसा फरक नव्हता, तेव्हा तिकडंही चर्चा गोरी बाई की काळा पुरुष यावरच घसरली होती. तराजू सगळीकडं सारखाच.

तेव्हा माझं मागणं एवढंच. "काम बघतो" म्हणता ना, मग खरंच बघा. बाईला जो प्रश्न विचाराल तोच पुरुषाला विचारा. पुरुषाला विचारायची लाज वाटत असेल, तर तो बाईलाही विचारू नका. आणि पुढच्या वेळी आपली जागा सर्वसाधारण झाली आणि पाच वर्षं नीट कारभार केलेली बाई पुन्हा फॉर्म भरायला निघाली, तर "आता कशाला?" म्हणू नका. सूचक म्हणून सही करा.

असो. काका, फोन करा. वाट बघतो.