अंगठीपलीकडचा हिरा

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या प्रांगणात भारताने 2004 साली भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे. तेथे जाणारा भारतीय तिच्याशेजारी उभा राहून छायाचित्र काढून घेतो आणि त्यात वावगे काहीच नाही. पण तिथल्याच 27 किलोमीटर परिघाच्या भुयारात हिऱ्यालाही पहाऱ्यावर बसवले गेले, याची वार्ता आपल्यापैकी किती जणांना आहे? जगातील बहुतांश हिऱ्यांना पैलू पाडणारा देश तो आपलाच ना?

हा हिरा खाणीतला नव्हे. मिथेन आणि हायड्रोजन यांच्या तप्त वायूतून थरावर थर चढवून वाढवलेली, सेंटिमीटरभर लांब-रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाडीची ही चकती. तिचे काम मात्र जोखमीचे. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणत्वरकात प्रोटॉनच्या एका झोतात सुमारे 360 मेगाजूल ऊर्जा साठू शकते. अर्धा टन तांबे वितळवण्यास ती पुरेशी आहे. असा झोत किंचित जरी ढळला, तरी कोट्यवधींच्या यंत्रणेची राखरांगोळी ठरलेली. म्हणून ‘अ‍ॅटलास’ या प्रयोगात टक्करबिंदूच्या दोन्ही अंगांना 1.84 मीटरवर असे हिरक-संवेदक बसवण्यात आले. टकरीतून उडालेले कण दोन्हीकडे एकाच क्षणी पोहोचतात. भरकटलेले कण मात्र आधी एका बाजूला आणि सुमारे 12 नॅनोसेकंदांनी दुसऱ्या बाजूला. एवढ्याशा फरकावरून चोर ओळखायचा! सिलिकॉन किरणोत्साराच्या माऱ्याने लवकर जर्जर होतो, त्याला सतत थंड ठेवावे लागते. हिरा साध्या तापमानातही तग धरतो.

आता या हिऱ्याचा कर्ता कोण, ते पाहा. त्यावरचे संशोधन सर्नमध्ये 1994 पासून चालले आणि हिरे पुरवले ते डी बिअर्स समूहातील एलिमेंट सिक्स या कंपनीने. याच डी बिअर्सने कृत्रिम हिऱ्यांच्या दागिन्यांचा आपला व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा 2025 मध्ये केली आणि औद्योगिक हिऱ्यांचे काम मात्र हातचे सोडले नाही. आपण? सुरतेत हिरे वाढवणाऱ्या भट्ट्यांवर भट्ट्या उभ्या राहिल्या, भाव कोसळले, आणि तरीही आपले डोळे अंगठीच्या कोंदणातच अडकलेले.

दागिन्याचा हिरा डोळ्याला निर्मळ दिसला की काम भागते. संवेदकाच्या हिऱ्यात डोळ्याला कधीच न दिसणारा दोषही इलेक्ट्रॉनला वाटेतच गिळून टाकतो आणि संकेत क्षीण होतो. ही शुद्धता साधणे म्हणजे निव्वळ व्यापार नव्हे, ती विद्या आहे. “चार चकत्यांच्या मागणीसाठी कारखाना कोण काढील?” असे आमचे व्यवहारचतुर विचारतील. त्यांनी खारघरला जाऊन यावे. तेथील टाटा स्मारकाच्या केंद्रात 2023 पासून प्रोटॉनझोताने कर्करोगावर उपचार होत आहेत, आणि अशा झोताची मात्रा मोजणारी हिऱ्याची उपकरणे जगात विकली जातात. मागणी नाही म्हणणाऱ्यांनी बाजार पाहिलेलाच नाही.

क्षमता नाही असे तर मुळीच नव्हे. याच कोलायडरचे चुंबक केसभर अचूकतेने तोलून धरणारे सात हजारांवर आधार इंदूरच्या शास्त्रज्ञांनी पुरवले. जानेवारी 2017 पासून आपण सर्नचे सहयोगी सदस्य आहोत. तेथील कंत्राटांसाठी भारतीय कंपन्यांना बोली लावता येते. शासनाने 2023 मध्ये आयआयटी मद्रासला प्रयोगशालेय हिऱ्यांच्या संशोधनासाठी पाच वर्षांचे सुमारे 243 कोटींचे अनुदान मंजूर केले. हेतू उत्तम. पण त्यात भर आहे तो हिऱ्याचे बीज आणि यंत्रे स्वदेशी करण्यावर. त्या यंत्रांतून शेवटी पुन्हा अंगठीचाच खडा निघणार असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? संवेदकाच्या प्रतीची एक चकती येथे वाढवून इंदूरच्याच इंडस-2 त्वरकावर तिची कसोटी घ्या, ही अट या अनुदानाला जोडता येणार नाही का? वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारातील धनिकांनीही शासनाच्या तिजोरीकडे न पाहता त्यासाठी चार पैसे काढावेत.